जिताड्यासाठी मऊ कांडी

रेवदंड्याच्या खाडीत भरती केव्हा भरणार, हे सांगायला किनाऱ्यावरच्या जुन्या माणसाला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास हाती येतो. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. तरी त्यातून गळ टाकणाऱ्याच्या फार कामाची एक गोष्ट निघते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत इथली भरती सकाळी आणि संध्याकाळी भरते, उजेड कोवळा किंवा कलता असताना. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ती भर दुपारी आणि मध्यरात्री येते. जिताड्यासाठी मऊ प्लास्टिकची कांडी वापरायची असेल, तर हा फरक डोक्यात बसल्याशिवाय पाकीट फोडू नये.

कांडी म्हणजे गळाच्या दुकानात ‘सॉफ्ट स्टिकबेट’ म्हणून मिळतं ते आमिष. चार ते सहा इंच लांब, करंगळीएवढं जाड, ना शेपूट ना पाय. नुसतं ‘स्टिकबेट’ मागितलं तर दुकानदार लाकडाचा किंवा कडक प्लास्टिकचा मासा पुढे करील. तो बाहेरच्या समुद्रातल्या वेगवान माशांसाठी, इथे त्याचं काम नाही. ‘सॉफ्ट’ हा शब्द विसरू नये. हातात घेतल्यावर पहिल्यांदा हसू येईल असाच हा ऐवज आहे. रंगीत पॅडल शेपटीच्या, डोळे रंगवलेल्या माशांच्या शेजारी तो अगदीच बिनकामाचा दिसतो.

त्याचा उगम अमेरिकेतला. ओहायोतल्या ॲक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला आणि बास मासा पकडण्याची तऱ्हाच बदलली. पुढे १९९० च्या दशकात गॅरी यामामोटो यांनी ‘सेंको’ नावाची कांडी काढली. प्लास्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळलेलं, त्यामुळे शिसं न लावताही ती बुडते. आणि बुडताना आडवी राहून दोन्ही टोकांनी थरथरते. खेचायची नाही, नाचवायची नाही, फक्त पडू द्यायची. तिचं सगळं सामर्थ्य त्या पडण्यात आहे. ते पडणं जिथे नीट होत नाही, तिथे ती खरोखरच बिनकामाची.

अमेरिकेतला तो मोठ्या तोंडाचा बास आपल्या खाडीत नाही आणि जिताड्याशी त्याचं जवळचं नातंही नाही. नातं स्वभावाचं आहे. दोघेही पाठलाग करून दमणारे मासे नव्हेत. बुंध्याच्या, मुळाच्या, खांबाच्या आडोशाला स्थिर राहायचं आणि समोरून काही गेलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढायचं, ही दोघांचीही रीत. म्हणूनच बासची बरीचशी सामग्री ऑस्ट्रेलियातल्या गरवणाऱ्यांनी बॅरामंडीसाठी उचलली. बॅरामंडी म्हणजेच आपला जिताडा, गोव्याचा चोणक, बंगालची भेटकी.

रायगडात जिताड्याची ओळख करून द्यायची गरज नसते. अडलेलं काम मार्गी लागावं म्हणून साहेबाच्या घरी जिताडा पोचता करण्याची रीत इथे इतकी जुनी आहे की त्यावर विनोद झाले. अलिबाग-पेणच्या खाजणांतल्या तळ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवला जातो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केलं आणि तळ्यांसाठी बीज नैसर्गिक खाडीतूनच आणायची सक्ती सुटू लागली. पण आपल्याला हवा आहे तो खाडीतला, मोकळा जिताडा. तो गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत राहतो. अंडी घालायला पावसाळ्याच्या आसपास नदीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात येतो. पिल्लं कांदळवनांत आणि आतल्या चिंचोळ्या नाळ्यांत वाढतात. नजर मंद उजेडात चांगली चालते. अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातली हालचाल टिपते, त्यामुळे गढूळ पाण्यातही तो आंधळा नसतो.

रेवदंड्याची खाडी म्हणजे कुंडलिका नदीचं तोंड. उत्तरेला रेवदंडा, समोर साळाव, आणि समुद्राच्या बाजूला कोर्लईचा डोंगर किल्ला पाठीवर घेऊन आत शिरलेला. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारं पाणी कुंडलिकेला मिळतं, म्हणून ही नदी इतर कोकणी नद्यांसारखी उन्हाळ्यात अगदी कोरडी पडत नाही. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. उन्हाळ्यातही गोडं पाणी खाली येत राहणं हे जिताड्याच्या दृष्टीने चांगलंच. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोह्याजवळची धाटावची रासायनिक वसाहत याच नदीकाठी आहे आणि प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत कुंडलिकेचं नाव आलेलं आहे. पाण्याला उग्र वास येत असेल, फेस दिसत असेल, तर त्या दिवशी सामान बांधून परत फिरावं.

आता मूळ मुद्दा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक सरासरी साडेतीन मीटरांच्या पुढे जातो, भांगाला तो दीड मीटरच्या आसपास उतरतो. रेवदंडाही त्याच माळेतला. एवढं पाणी सहा तासांत खाडीच्या अरुंद तोंडातून आत-बाहेर करायचं म्हटल्यावर उधाणाला ओढ काय असेल, याची कल्पना साळावच्या पुलाखाली खांबांशी उसळणारं पाणी पाहिलं की येते. दहा ग्रॅमची कांडी त्या ओढीत टाकली तर ती बुडत नाही, वाहून जाते. दोराला पोट येतं, कांडी पृष्ठभागाशी फरपटते आणि जिताडा तळाशी खांबाच्या आडोशाला निवांत बसून राहतो. शिवाय उधाण तळाचा गाळ उपसून पाणी चहासारखं करतं. अशा पाण्यात थरथरत पडणारी मुकी कांडी माशाला सापडायची कशी? तिथे शेपूट हलवून पाणी ढवळणारा पॅडल टेलचा मासा, चौदा ते वीस ग्रॅमच्या शिशाच्या डोक्यावर, सरस ठरतो. विक्रेते काहीही सांगोत, उधाणाच्या धावत्या पाण्यात कांडी वापरणं म्हणजे पैसे आणि सकाळ दोन्ही वाया घालवणं.

भांगाला चित्र पालटतं. अष्टमीपासून एकादशीपर्यंतचे दिवस धरावेत, कारण भांगाचा खरा जोर तिथीच्या एक-दोन दिवस मागून येतो. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, गाळ बसतो. भरती पूर्ण भरल्यावर पाणी उभं राहतं आणि उधाणापेक्षा जास्त वेळ उभं राहतं. तिवरांची आणि चिपीची पुढची रांग बुडालेली, श्वासमुळं पाण्याखाली गेलेली, आणि हे सगळं सकाळी साडेसहा-सातला किंवा संध्याकाळी दिवेलागणीच्या आसपास. कांडी मुळांच्या कडेला टाकली की ती सरळ, सावकाश, आडवी खाली जाते. कांडीला हवं ते सगळं त्या तास-दीड तासात एकत्र येतं.

म्हणून पंचांग आणि भरतीचा तक्ता दोन्ही बघून दिवस ठरवावा. पाऊणकीचा हिशेब घरी बेत आखायला पुरतो. प्रत्यक्ष निघताना मुंबईचा तक्ता पाहावा आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं हे धरावं.

सामानाच्या बाबतीत बासची पुस्तकं जशीच्या तशी वापरली की फसगत होते. बासला चालणारा बारीक तारेचा गळ जिताडा पहिल्याच झटक्यात सरळ करतो. जिताड्याला मोठे सुळे नसतात, पण कल्ल्यावरच्या झाकणाची कडा पात्यासारखी धारदार असते आणि तोंडाच्या आतली खरखर दोर घासून टाकते. सात फुटी, मध्यम-जड ताकदीचा रॉड, चार हजार आकाराचं स्पिनिंग रील, तीस पौंडी ब्रेड म्हणजे विणलेला दोर, आणि पुढे चाळीस ते साठ पौंडी फ्लोरोकार्बनचा किंवा जाड तंगुसाचा दोन हात लांबीचा लीडर, एवढं पुरे. खांब आणि कालवांच्या जवळ टाकायचं असेल तर साठच. ‘जाड दोर माशाला दिसतो’ ही भीती खाडीच्या पाण्यात बाळगायचं कारण नाही. गळ पाच-शून्य क्रमांकाचा, रुंद पोटाचा, जाड तारेचा आणि खाऱ्या पाण्यासाठी कल्हई केलेला असावा. लीडरला तो आवळून बांधण्याऐवजी सैल फासाच्या गाठीने बांधला तर कांडी मोकळी हलते.

कांडी गळावर चढवायच्या अनेक तऱ्हा आहेत. रेवदंड्याला त्यातल्या दोनच शिकाव्यात. पहिली टेक्सास पद्धत. गळाची अणी कांडीच्या टोकातून सरळ आत घालायची, बोटाच्या एका पेराएवढी गेली की पोटातून बाहेर काढायची, गळ पूर्ण ओढून त्याचा डोळा कांडीच्या टोकात बसवायचा आणि गळ उलटा फिरवायचा. मग कांडी सरळ लोंबकळत धरून अणी जिथे टेकते तिथून पुन्हा आरपार काढायची आणि पाठीच्या नुसत्या कातडीत अडकवून ठेवायची. अणी झाकलेली, त्यामुळे तिवराच्या मुळांत, बुडालेल्या फांदीत, जुन्या जाळ्याच्या दोरखंडात ती अडकत नाही. सगळी मेख कांडी सरळ बसण्यात आहे. ती जराही वाकडी बसली तर पडताना गरगर फिरते, ब्रेडला पीळ चढतो आणि मासा ढुंकून बघत नाही. पहिल्या फेकीआधी पायाशी पाण्यात सोडून पाहावं. आडवी आणि सरळ पडली तरच पुढे जावं. तेव्हाच मनात आकडे मोजून कमरेएवढं पाणी उतरायला तिला किती वेळ लागतो तेही ध्यानात घ्यावं, म्हणजे पुढे मुळांशी ती तळाला केव्हा टेकली असेल याचा अंदाज येतो. पावसाळ्यानंतर खाडीत गोडं पाणी जास्त असतं तेव्हा तीच कांडी उन्हाळ्यातल्या खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित लवकर बुडते.

दुसरी तऱ्हा शिसं लावायची. भांगातही पाणी अगदीच थांबलेलं नसेल, किंवा खांबाशी तीन-चार मीटर खोल न्यायचं असेल, तर गळाच्या पुढे दोरावर पाच ते सात ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं शिसं ओवावं. त्याहून जड शिसं लावायची वेळ आली तर समजावं की पाणी कांडीचं राहिलं नाही. कांडी सोडून शेपटीवाला मासा बांधावा, उगाच हट्ट करू नये. कांडीच्या मधोमध गळ टोचायची जी ‘वॅकी’ पद्धत तलावातल्या बाससाठी नावाजली जाते, ती खाजणातल्या बांधीव तळ्यात ठीक. खाडीत तिचा उघडा गळ पहिल्याच मुळाला मिठी मारतो.

रंगावर दुकानात घालवला जाणारा वेळ हा बहुतेक फुकट जातो. खाडीत जिताड्याचं खाणं म्हणजे बोय, कोळंबी, निवट्या, लहान चिंबोरी. पाणी थोडं निवळलं असेल तर चंदेरी पोट आणि करडी पाठ; गढूळ असेल तर काळा किंवा गडद जांभळा, कारण खालून बघणाऱ्याला गडद आकृतीच स्पष्ट दिसते; आणि संध्याकाळसाठी पांढरा किंवा पिवळट हिरवा. तीन पाकिटांत काम भागतं. लांबी पाच इंच ठेवावी. चार इंचीला शिंगाळा जास्त लागतो, आणि शिंगाळ्याचे काटे सोडवण्यात सकाळ घालवायला कोणी रेवदंड्याला येत नाही.

टाकायचं कुठे, हा प्रश्न कोणत्याही आमिषापेक्षा मोठा. सगळ्यात पहिला मान उघाडीचा. खारबांधातून खाजणातलं पाणी बाहेर सोडणारी दारं ती उघाडी. ओहोटी लागली की तिच्यातून कोळंबी आणि बोयची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर फेकली जातात आणि जिताडा बाहेरच्या डोहाच्या कडेला त्यांची वाट बघत उभा असतो. झोताच्या मधोमध टाकू नये. झोत आणि थांबलेलं पाणी यांच्यामधली जी शीव पाण्यावर स्पष्ट दिसते, तिच्या थांबलेल्या बाजूला, झोताच्या वरच्या अंगाला कांडी टाकावी आणि तिला त्या शिवेवरून आपोआप सरकू द्यावं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पावसाळा ओसरताना, मार्च ते मे दरम्यान, पूरमैदानातून नाळ्यांचं पाणी नदीत उतरतं तिथे अशाच रीतीने बॅरामंडी धरतात; आपल्याकडे तो काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. भातखाचरांचं पाणी उतरत असतं, खाडी अजून निमखारी असते. उघाडीच्या दारांना, फळ्यांना हात लावू नये. ते दार कोणाच्या तरी शेताचं किंवा तळ्याचं असतं, आणि खारं पाणी आत शिरलं तर वर्षाचं पीक जातं.

दुसरी जागा कांदळवनाची कड. इथे भरतीच्या उभ्या पाण्याचा तो तास-दीड तास वापरावा. होडीतून जाणं बरं. वल्हवत, इंजिन बंद ठेवून. फेक मुळांच्या जितकी जवळ जाईल तितकी चांगली. हातभर अंतर हे कांडीच्या भाषेत लांब आहे. पडल्यावर दोर सैल ठेवावा आणि दोराकडेच बघत राहावं. हाताला झटका बसण्याची वाट बघणारा निम्मे मासे घालवतो, कारण जिताडा कांडी बहुधा पडतानाच आत ओढतो आणि तेव्हा दोर सैल असतो. दोर एकदम बाजूला सरकला, मध्येच पडायचा थांबला, किंवा तळ यायच्या आधीच ढिला पडला, की उरलेला सैलपणा भरभर गुंडाळून रॉड जोरात मागे घ्यावा. काहीच झालं नाही तर कांडी तळावर दहा-पंधरा आकडे पडू द्यावी, मग रॉडच्या शेंड्याने दोन छोटे झटके देऊन उचलावी आणि परत पडू द्यावी. घाई हा एकमेव मोठा दोष. पॅडल टेल ओढायची सवय असलेले लोक कांडीही तशीच ओढतात आणि मग ती चालत नाही म्हणून सांगत फिरतात.

पुलाचे खांब आणि बंदराचा धक्का ही तिसरी जागा, फक्त पाणी उभं असताना आणि शिसं लावून. पुलावर उभं राहून गळ टाकू नये. रस्ता वाहता आहे, आणि मोठा मासा लागला तरी तो तिथून वर घेता येत नाही. रेवदंडा किल्ल्याच्या तटाबाहेरच्या पुळणीवर कांडी काढूच नये, लाटांत तिचं काही चालत नाही. कोर्लईच्या खडकांवर मात्र कुंद सकाळी, लाट नसताना, कांडीला जिताड्याखेरीज तांबोशीही लागते. तिथे जाताना भरतीची वेळ दोनदा तपासावी. चढतं पाणी परतीच्या खडकांवर केव्हा आलं हे दोराकडे टक लावून बसलेल्या माणसाला कळत नाही.

पायात जाड तळाचे बंद बूट हवेतच. कालवांची धार चपलेला जुमानत नाही, आणि उथळ गाळात पाकट पडलेला असतो. पाय उचलून न टाकता घासत नेला की तो आधीच निघून जातो. होडीत जीवरक्षक जाकीट, खिशात ओळखपत्र. किनारी सुरक्षेसाठी पोलिसांची विचारपूस होते आणि ती रास्त आहे.

खाडीत आपल्या आधीपासून कामाला असलेली माणसं आहेत. डोलजाळ्यांचे खुंट, तरंगते बोये, नांगराचे दोर यांच्या आसपास फेकू नये. कांडीचा गळ जाळ्यात रुतला तर तो सोडवायला जाळं कापावं लागतं आणि नुकसान पोटावरच्या माणसाचं होतं. निघण्याआधी बंदरावर एखाद्या नाखवाला विचारावं, ‘नाखवा, आज जाळी कुठे लावलीत? आम्ही कुठल्या अंगाला बसू?’ वाट दाखवली जाते, आणि बरेचदा मासा कुठे दिसला तेही कळतं. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. हौशी माणसाने तेव्हा भाड्याची यांत्रिक होडी मागूच नये.

जिताडा लागल्यावर पहिली धाव आडोशाकडे असते. ती रोखण्यासाठीच एवढं जाड सामान. रीलचा ब्रेक आधीच घट्ट लावलेला असावा, कारण त्या क्षणी तो फिरवायला वेळ मिळत नाही. मग तो उसळी मारतो, कल्ले फाकवून डोकं झाडतो, आणि सैल दोर मिळाला तर कांडी गळासकट भिरकावतो. उसळी येतेय असं वाटलं, दोर वर चढू लागला, की रॉडचा शेंडा पाण्याकडे खाली न्यावा आणि ताण सोडू नये. जवळ आल्यावर कल्ल्यात बोटं घालून उचलू नये. ती धार हाताचं मांस कापते. रबरी जाळीचं हातजाळं सगळ्यात बरं.

आता खुद्द प्लास्टिकबद्दल. कोकणातल्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली कांडी वाकते, आणि वाकलेली कांडी सरळ पडत नाही. ती मूळ पाकिटात, सावलीत, सपाट ठेवावी. चुकून वाकली तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सपाट जागी थंड होऊ द्यावी. नेहमीच्या पीव्हीसीच्या कांड्या आणि ताणल्या जाणाऱ्या, न फाटणाऱ्या नव्या प्रकारच्या कांड्या एकाच डबीत ठेवल्या तर त्या एकमेकींना विरघळवतात आणि डबीत चिकट गोळा उरतो. शिवाय तो न फाटणारा प्रकार बहुतेक तरंगतो. जिथे पडण्यावरच सगळी भिस्त आहे तिथे त्याचा उपयोग नाही. पाकिटावर वाचून घ्यावं. मिठाच्या कांड्या ठिसूळ असतात, दोन-तीन माशांत टोक फाटतं. तेव्हा फाटकं टोक कापून उलट बाजूने गळ चढवावा, किंवा थेंबभर फेविक्विकने चीर सांधावी. अगदीच संपली तर खिशात. पाण्यात टाकलेली कांडी कुजत नाही. ती तळाशी पडते, कोणीतरी मासा गिळतो आणि त्याच्या पोटात ती पचत नाही.

आणि धरलेल्या माशाचं काय करायचं? जिताडा जन्माने बहुधा नर असतो. तीन-चार वर्षांचा होताना नर म्हणून वयात येतो आणि पुढे, साधारण सहा ते आठ वर्षांत, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला प्रत्येक मोठा जिताडा बहुतेक मादीच, आणि अशी एक मादी एका हंगामात लाखो अंडी देते. क्वीन्सलँडमध्ये कायद्यानेच ५८ सेंटीमीटरच्या आतला आणि १२० च्या वरचा बॅरामंडी घरी नेता येत नाही, शिवाय प्रजननाच्या काळात तो धरायलाच बंदी असते. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले, म्हणजे लहान मासा सोडायची गोष्ट आता नुसत्या सदिच्छेची राहिलेली नाही. मोठा सोडायची मात्र अजून सवय नाही. उलट दहा किलोचा जिताडा आणि त्यातली गाबोळी हाच मिरवायचा विषय असतो. कालवणाच्या दृष्टीनेही दोन-तीन किलोचा मासा चवीला उजवा, हे रायगडातला कोणताही खवय्या मान्य करील.

तेव्हा रॉडच्या मुठीपासून मोजून त्याच्यावर रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा करा, एक ६० सेंटीमीटरवर आणि दुसरी ९० वर. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवा. मासा त्या दोन खुणांच्या मधला असेल आणि घरी खरंच हवा असेल तर एक ठेवा. बाकीचे ओल्या हाताने, पोटाखाली आधार देऊन, पाण्यातच सोडवा आणि शेपूट हलवून स्वतः निघून जाईपर्यंत धरून ठेवा.